वरून वाजणारी दहातारी

मी एक जुनी दहातारी आहे, मित्रांनो. दहा तारांचे माझ्यासारखे वाद्य तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल, म्हणून आधी माझी ठेवण सांगते. बहुतेक तंतुवाद्यांचे पोट खाली असते. तो पोकळ भाग मांडीवर टेकवायचा आणि तारा तिथून वर जातात. माझे सगळे उलटे आहे. माझी पोकळ पेटी वर आहे. तिच्यातून दोन लाकडी हात खाली उतरतात, ते एका आडव्या दांड्यात बसवलेले आहेत आणि त्या दांड्याला दहा खुंट्या आहेत. तार खाली छेडायची आणि सूर वर घुमायचा, असा माझा प्रकार. तारा म्हणायच्या एवढेच. होत्या मात्र मेंढीच्या आतड्याच्या ताती. माझ्या वाट्याला जे आले ते बहुतेक या वर बसवलेल्या पोटामुळे आले, आणि त्याबद्दल मी फार आभारी आहे.

येशू ख्रिस्ताला मानणारी माणसे अजून मोठमोठी उपासनामंदिरे बांधत नव्हती, कुणाच्या तरी माडीवर चटया टाकून जमत होती, त्या काळातली ही गोष्ट.

बंदराकडे उतरणाऱ्या एका अरुंद रस्त्यावरच्या दुकानात माझा जन्म झाला. मला घडवणारा कारागीर भारी तिरसट होता. गिऱ्हाईक दारात उभे राहिले तरी तो मान वर करत नसे. अक्रोडाच्या फळ्या त्याने माळ्यावर कित्येक वर्षे सुकवत ठेवल्या होत्या. एक फळी काढायची, बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि नाक मुरडून परत ठेवून द्यायची, असे त्याचे चाले. ज्या फळीशी त्याचा कान जरा जास्त वेळ रेंगाळला, ती मी.

ताती वळायचे काम त्याच्या बायकोचे. आतडी धुवायची, खरवडायची आणि ओली असतानाच पीळ देऊन अंगणात ताणून ठेवायची. वास असा सुटे की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेत. या नवराबायकोचा एक वाद कधी मिटला नाही.

"आवाज लाकडाचा असतो," तो म्हणे.

"मग वाजव की नुसतं लाकूड. माझ्या ताती कशाला हव्यात तुला?" ती म्हणे.

माझी शेवटची तात चढली आणि मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा दोघांनीही हातातले काम खाली ठेवले. मग बायको हळूच म्हणाली, "बरं बाबा, थोडा लाकडाचाही आहे." आणि तो त्या दिवशी दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून चक्क हसला. ते गिऱ्हाईक म्हणजे माझी मालकीण.

ती तरुण वयात विधवा झाली होती आणि वडिलांजवळ राहत होती. वडील दोरखंड वळणारे. सगळे त्यांना आबा म्हणत. जहाजांचे जाडजूड दोर वळून वळून त्यांच्या तळहातांची कातडी जोड्याच्या तळव्यासारखी झाली होती, आणि आता कंबर गेल्यामुळे ते घरीच असत. घर लेकीच्या वाजवण्यावर चाले. दुसरे वाजवणारे दोन-चार बोटांनी भागवून नेत, ही मात्र सगळी बोटे कामाला लावी, म्हणून लोक तिला दहाबोटी म्हणत. तिचे हे नाव इतके रुळले की आबासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत.

ती मला उभी धरी, तेव्हा माझी पेटी तिच्या कानाशी येई. रोज सकाळी ती माझे दहाही कान पिळी. मुले कान पिळले की रडतात, मी शहाणी होत गेले. आबा खोलीच्या कोपऱ्यातून ऐकत. दोर वळताना एक जरी पदर सैल राहिला तर त्यांच्या हाताला कळे, तसा एखादा सूर उतरला तर त्यांच्या कानाला कळे. "पाचवी बघ जरा," एवढेच ते म्हणत, आणि खरोखर पाचवीच उतरलेली असे.

कामाचे दिवस म्हणजे मेजवान्यांचे दिवस. श्रीमंतांच्या लांबलचक दालनांत आम्ही भिंतीशी बसायचो. खाणे, पिणे, हसणे, भांडणे, सगळे आमच्यासमोर चाले. ऐकणारे थोडे. काहीजण मात्र घास हातात धरून ऐकत राहत, तेव्हा मला वाटे की अक्रोडाच्या झाडाने उगाच नाही एवढी वर्षे उन्हात काढली. पण यजमानाला दुसरी धून हवी असली की तो चुटकी वाजवून बोटाने खुणावी. कुत्र्याला बोलावतात तसे. दहाबोटी मान खाली घालून धून बदले. एकदा एका पाहुण्याने गंमत म्हणून मद्याचा पेला माझ्यावर ओतला. सगळे दालन हसले. तिने मला स्वतःच्या ओढणीने पुसले आणि पुढची धून धरली.

आमच्या गल्लीत रंगारीणकाकूंचा कापड रंगवायचा कारखाना होता. खाली भट्टीवर रंगाच्या कढया उकळत, दोऱ्यांवर निळी-लाल कापडे निथळत, आणि वरच्या माडीवर ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमत. काकूंचा स्वभाव मोकळा. दहाबोटीचा उतरलेला चेहरा त्यांनी दोन-तीनदा पाहिला आणि एक दिवस तिला जिन्यातच अडवले. "कामाला जायच्या आधी जरा वर येऊन बस की. कोणी काही विचारणार नाही तुला."

ती वर गेली. दारात मंडळीतले एक वडीलधारे उभे होते, धंद्याने तांबट. दिवसभर तांब्याची भांडी ठोकून त्यांचा आवाजच मोठा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तू ये, बाई. ते वाद्य बाहेर ठेव. मेजवान्यांतली चीज आहे ती."

मग मी जिन्यावर राहिले. बंद दारातून गाणे ऐकू आले. कुठलेही वाद्य नाही, नुसते माणसांचे गळे. काही चांगले, काही अगदीच बेसूर, तांबटांचा तर सगळ्यांत वर. तरी ते ऐकताना माझ्या ताती आपोआप थरथरल्या. दहाबोटी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

त्यानंतर ती जातच राहिली. एक दिवस मात्र जिन्यावर काकूंना धरून बसली.

"काकू, आज आत जे स्तोत्र वाचलं, त्यात दहा तारांच्या वाद्यावर देवाचं गुणगान करा असं होतं. मग माझी बाहेर का?"

"अगं, ते वाद्य वेगळं. ते म्हणजे आपणच."

"आपण म्हणजे?"

"म्हणजे... आता मला नाही बाई नीट सांगता येत. पाळकबाबांना विचार. ते सांगायला लागले की सगळं कळतं, आणि जिना उतरेपर्यंत मी विसरते."

पण पाळकबाबांना विचारण्याआधीच दुसरा प्रश्न उभा राहिला. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता, आणि मेजवान्यांत वाजवणाऱ्यांनी ते काम सोडल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, असा मंडळीचा नियम होता. तिने घरी सांगितले तेव्हा आबा भडकले.

"गाणं चालतं आणि वाद्य चालत नाही? हे कसलं अर्धवट!"

"आबा, तिथे मला कोणी चुटकी वाजवून बोलावत नाही. बहीण म्हणतात."

आबांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "पोट कशावर भरायचं?"

"काकू कारखान्यात घेते म्हणाल्यात."

"आणि हिचं काय करणार?" आबांनी माझ्याकडे बोट केले.

तिने मंडळीत जाऊन तांबटांना विचारले. "मोह घरात ठेवायचा कशाला? भट्टीला लाकूड लागतंच," ते म्हणाले. मित्रांनो, त्यांना माझा राग नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाने अशाच मेजवान्यांत, अशाच वाद्यांच्या साथीने पिऊन पिऊन जीव घालवला होता. ते मला पाहत तेव्हा त्यांना तो दिसे. हे मला फार नंतर कळले.

दहाबोटीने मला स्वतःच्या हाताने काकूंच्या कारखान्यात आणले. दुपारची वेळ होती. भट्टी लाल झाली होती, वर निळा रंग उकळत होता. तिने मला भट्टीसमोर ठेवले आणि एकदाच माझ्या पेटीवरून हात फिरवला. काकू सळई हातात धरून नुसत्या उभ्या, शेजारी तांबट. भट्टीची धग माझ्या पेटीपर्यंत आली.

एवढ्यात पाळकबाबा काठी टेकत आत आले. ते मंडळीचे पाळक आणि शिक्षक. ठेंगणे, म्हातारे, डोळे बारीक करून पाहणारे. वर जिन्याकडे वळणार, तोच थांबले.

"हे काय आहे?"

"दहातारी," तांबट म्हणाले. "जाळतोय."

"थांबा, थांबा. हिचं पोट कुठे आहे? वर की खाली?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पाळकबाबा धाप लागेपर्यंत वाकले, मला उचलले, उलटी केली, सुलटी केली, पेटीवर बोट वाजवून पाहिले. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"वर आहे! खरंच वर आहे! माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. मी आयुष्यभर शिकवत आलो, पण कधी हातात घेतली नव्हती." ते दहाबोटीकडे वळले. "पोरी, ही मला देशील? शिकवायला?"

तांबटांनी विचारले, "वाजवायची नाही ना?"

"नाही. दाखवायची."

"मग राहू दे," तांबट म्हणाले, आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. माझाही.

अशी मी माडीवर गेले. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारी माणसे शिकायला बसत, तिथे भिंतीवर मला टांगले. पाळकबाबा मला खाली काढत आणि सांगू लागत. ते काय सांगत, तेही तुम्हाला सांगते, कारण मी कोण हे मला तिथेच कळले.

"शास्त्रात वाद्याचं नाव आलं की घाईने पुढे जाऊ नका," ते म्हणत. "डफ बघा. त्याचं कातडं पार वाळलेलं, ताणलेलं असतं. ओलं असेपर्यंत ते वाजत नाही. आपला हावरेपणा वाळायला हवा. तुतारी बघा. हातोड्याचे घाव खाऊन खाऊन ती लांब होते, तेव्हा कुठे तिचा आवाज दूर जातो. दुःखाने ठोकलेली माणसं तशी." इथे तांबट मान डोलावत. "झांजा एकमेकींना लागल्याशिवाय बोलत नाहीत. आपणही एकमेकांच्या जवळ आल्याशिवाय आपल्यातून काही निघत नाही."

मग माझी पाळी येई. "इतर वाद्यांचं पोट खाली असतं. त्यांचा सूर खालून येतो, जमिनीकडून. ते आपलं शरीर. भूक, आजार, दगदग, हे सगळं सोसत देवाचं नाव घेणं म्हणजे ते वाद्य वाजवणं. हिचा सूर वरून येतो. तो आत्मा. वरून आलेली आज्ञा आनंदाने पाळणं म्हणजे ही वाजवणं. दोन्ही वाद्यं लागतात बरं का. एकावर भागत नाही. आणि या दहा तारा म्हणजे दहा आज्ञा. पहिल्या तीन देवासाठी, उरलेल्या सात शेजाऱ्यासाठी. पहिली सांगते देव एकच. दुसरी सांगते त्याचं नाव उगाच घेऊ नका. तिसरी विसाव्याच्या दिवसाची..."

मी थक्क होऊन ऐके. मेजवान्यांत मला वाटे की मी जेवणाच्या आवाजावर घातलेले पांघरूण आहे. इथे एक म्हातारा माणूस माझ्या एकेका अवयवाचा अर्थ सांगताना गहिवरत होता.

पण मित्रांनो, एक सांगू का? माझी स्तुती होत होती आणि मला कोणी वाजवत नव्हते. ताती आवळायच्या राहिल्या. पावसाळी हवेत फुगल्या, उन्हाळ्यात आकसल्या. पेटीत एका कोळ्याने संसार थाटला. बाप्तिस्मा घेतलेली दहाबोटी आता खाली कढईत कापड ढवळी. तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले, बोटांची पेरे जाड झाली. संध्याकाळी ती माडी झाडायला येई, तेव्हा मला पुसे, पण ताती टाळून. एकदा फडक्याचे टोक लागून एक तात हुंकारली. ती तशीच उभी राहिली, कोणी ऐकले का म्हणून दाराकडे पाहिले, आणि भराभर झाडून निघून गेली. तरी मला तिचे वाईट वाटले नाही, कारण उपासनेत ती सगळ्यांसोबत गाताना मी रोज ऐकत होते. तिचा आवाज आता दबलेला नव्हता.

मग एका हिवाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असत, पण ते ओळखतात की नाही हे कळेना. दहाबोटी दिवसा कारखाना आणि उरलेला वेळ आबा अशी पिळून निघू लागली. मंडळीतली माणसे पाळीपाळीने येऊन बसत. प्रार्थना करत, स्तोत्रे म्हणत. आबा छताकडे पाहत राहत. तांबटही रोज दुपारी येऊन बसत. त्यांना मोठ्याने बोलायची सवय आणि इथे बोलायला कोणी नाही, म्हणून ते नुसते पाहत राहत. पाहता पाहता त्यांना एक गोष्ट दिसली.

ते तडक माडीवर आले. मी भिंतीवर होते, पाळकबाबा वाचत बसले होते, दहाबोटी नुकतीच झाडायला आली होती.

"आबांचा डावा हात," तांबट म्हणाले, "पांघरुणावर सारखा हलतोय. मी आधी म्हटलं, दोर वळतायत. पण दोर असा वळत नाहीत. एकेक बोट वेगळं हलतंय." त्यांनी हवेत बोटे हलवून दाखवली. "ते तार छेडतायत. त्यांना हिची आठवण येतेय."

दहाबोटीच्या हातातला झाडू खाली पडला.

"काका, वाजवणार नाही असं ठरलं होतं," ती म्हणाली.

"ठरवलं मीच होतं ना? आता मीच न्यायला आलोय." आणि मग त्यांनी धाकट्या भावाबद्दल सांगितले. खाली मान घालून, त्यांच्या आवाजाला न शोभेल इतक्या हळू. "मी हिच्याकडे बघताना दर वेळी त्याला बघत होतो. हिचा काय दोष त्यात?"

पाळकबाबांनी मला भिंतीवरून काढले. "मी इतकी वर्षं हिचा अर्थ सांगतोय," ते म्हणाले, "आणि हिचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. चला, मीही येतो."

दहाबोटीने तिथेच ताती आवळायला घेतल्या. कोळ्याला आधी बाहेर काढले. पहिली चढली, दुसरी कुरकुरत चढली, तिसरी मात्र ताडकन तुटली. तिचा चेहराच पडला. ताती वळणारी ती बाई आता त्या रस्त्यावर राहत नव्हती. ती आणि तिचा नवरा दोघेही वारले होते. दुसरे कोणी ताती करणारे जवळपास नव्हते.

"केवढी जाड लागते?" तांबटांनी तुटलेला तुकडा बोटांत धरून विचारले.

"काका, ती आतड्याची असते."

"जाडी सांग तू."

ते गेले ते थेट आपल्या कारखान्यात. तांब्याची बारीक सळई तापवायची, पोलादी पट्टीच्या छिद्रातून ओढायची, परत तापवायची, आणखी बारीक छिद्रातून ओढायची. त्यांनी दुसरी सगळी कामे बाजूला सारून ती तार ओढली, आणि घाम पुसत पुसत घेऊन आले. लालसर, चकचकीत तार. नऊ ताती आणि एक तांब्याची तार, असा माझा नवा संसार झाला. तिचा आवाज बाकीच्या बहिणींसारखा नव्हता. त्यांचा मऊ, हिचा जरा उघडा, भांड्यावर नख लागल्यासारखा. पण ती आमच्यात आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे आबांच्या खोलीत जमलो. खोली एवढीशी, काकूंना दारातच उभे राहावे लागले. दहाबोटी पलंगाशी बसली. तिने मला उभे धरले. माझी पेटी पुन्हा तिच्या कानाशी आली, आणि मला तिचा श्वास जवळून ऐकू आला. निळी, जाड झालेली बोटे आधी चुकली. तिने थांबून हात झटकले, पुन्हा सुरू केले. ती मेजवानीतली धून नव्हती. मंडळीत म्हणत त्या स्तोत्राची चाल होती, जी मी जिन्यावर पहिल्यांदा ऐकली होती.

किती दिवसांनी माझ्यातून सूर निघाला! मी धूळ झटकल्यासारखी वाजले. आबांची नजर छतावरून हलली. हळूहळू खाली आली, लेकीच्या हातांवर आली. डाव्या हाताची बोटे पांघरुणावर तिच्या बरोबरीने चालू लागली. मध्येच ती थांबली. आबांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. सगळे पुढे वाकले.

"ति... स... री," आबा म्हणाले. "ढि... ली."

पाळकबाबांना हसू फुटले, काकू हसता हसता रडू लागल्या, आणि तांबट कपाळावर हात मारून म्हणाले, "सगळ्यांत माझीच निघाली होय ढिली!" खरेच होते ते. नवी तार ताण पडला की जरा लांबते आणि उतरते. दहाबोटीने त्यांना खुंटी दाखवली. भांडी ठोकणाऱ्या त्या राकट हाताने ती इतकी हळू पिळली की जणू तान्ह्या मुलाचा कान धरला आहे. "बास?" ते आबांना विचारत. आबा डोळ्यांनी नाही म्हणत. "आता?" शेवटी आबांनी डोळे मिटले आणि उघडले. सूर लागला.

पाळकबाबा गंभीर झाले. "आबांचं अगदी बरोबर आहे. तिसरी विसाव्याची. या पोरीची गेले कित्येक दिवस तीच ढिली आहे. आपण येऊन प्रार्थना केल्या, पण तिला कोणी झोप म्हणालं नाही." तिथल्या तिथे ठरले. काकूंनी तिला कामावरून थोडे दिवस मोकळे केले, रोजची मजुरी चालू ठेवून. तांबटांनी सकाळी येऊन आबांना धुण्यापुसण्याचे काम आपल्याकडे घेतले. दहाबोटी त्या दिवशी उजेडातच झोपली, ती दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर उठली.

आबा पूर्ण बरे झाले नाहीत. पण थोडे थोडे बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात निम्मे माझ्या तारांबद्दलच्या तक्रारी असत. मंडळीत ते शेवटपर्यंत आले नाहीत. तांबट मात्र रोज त्यांच्याकडे जात; दोघांची अशी दोस्ती जमली की काकू म्हणत, "एक बोलतो दोघांचं, आणि एक ऐकतो दोघांचं." पुढच्या वसंतात एका सकाळी लेकीचे वाजवणे ऐकता ऐकताच आबा शांतपणे गेले.

तुम्हाला वाटेल, मग मी उपासनेत वाजू लागले असेन. तसे झाले नाही. मंडळीचे गाणे माणसांच्या गळ्यांचेच राहिले, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण एक बदल झाला. पाळकबाबा शिकवायला बसले की आधी दहाबोटीला बोलावत. "एकेक तार छेड. यांना ऐकू दे. मग मी सांगतो." आणि शिकवणे आटोपले की दहाबोटी मला पाठीवर घेऊन आजाऱ्यांच्या घरी जाई. बाळंतिणी, हातपाय मोडलेले खलाशी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या. काहींना बोलणे नको असे, प्रार्थनाही नको असे. ती वाजवी, ते ऐकत. दारात उभे राहून चुटकी वाजवणारे तिथे कोणी नव्हते. एका घरी एका आजीने तिला विचारले, "तुझं हे काम काय म्हणायचं ग?" दहाबोटी म्हणाली, "माहीत नाही, आजी. पण मला हेच येत होतं." माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे.

पाळकबाबा गेले, तांबट गेले, काकू गेल्या. दहाबोटीच्या बोटांची पेरे सुजून आखडली, तेव्हा तिने मला इथे, मुलांच्या शिकायच्या खोलीत आणून दिले. स्वतः खालच्या बाकावर बसून ती मुलांना ऐकत असे, आणि एक दिवस तिची जागाही रिकामी झाली. माझ्या ताती त्यानंतर कितीदा तरी बदलल्या. तांब्याची तार अजून तीच आहे.

मित्रांनो, मला कोणाबद्दल तक्रार नाही. कारागिराने मला लाकूड दिले, त्याच्या बायकोने गळा दिला, पाळकबाबांनी अर्थ दिला, आणि मला जाळायला निघालेल्या माणसाने तुटलेली तार जोडून दिली. एवढे मिळालेल्या वाद्याने कुरकुरायचे कशाला? फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरी, शाळेत एखादे जुने वाद्य पडून असेल तर त्याला ओल आणि कडक ऊन लागू देऊ नका. फार दिवस वाजवणार नसाल तर तारा जरा सैल करून ठेवा. त्याचा इतिहास जरूर सांगा, त्याचा अर्थ जरूर सांगा, पण कधीतरी हातातही घ्या. आणि कोणी माणूस वाईट ठिकाणी काम करताना दिसला म्हणून तो वाईटच असेल, असे समजून त्याला जिन्यावर ठेवू नका.

आता तुमचे गुरुजी येतीलच. आले की ते तुम्हाला डफ, तुतारी, झांजा यांचा अर्थ सांगतील, तो नीट ऐका. त्याआधी ज्याला मला छेडून पाहायचे आहे त्याने हात धुऊन, पुसून पुढे यावे. लाजू नका. चुकीची तार छेडली तरी चालेल.